खिशातला नकार

ईस्ट हॅरो
रविवार, २१ मार्च

प्रिय लोइसताई,

गेल्या पत्रात मी तुला चुकीचा आकडा कळवला. नऊ तारखेच्या गावसभेत कलम अकरा सकाळी एकसष्ट विरुद्ध अठ्ठावन्न मतांनी पडलं, असं मी लिहिलं होतं. खरा आकडा बासष्ट विरुद्ध अठ्ठावन्न. मोजणीची चिठ्ठी माझ्याकडेच आहे, काल पुन्हा काढून पाहिली. एका मताने काय बिघडतं, असं तू म्हणशील. पण ते पत्र तुझ्याकडे राहणार आणि त्यात चूक राहणार, हे मला दोन दिवस बोचत होतं.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. ड्युलुथहून इथवर आलेल्या त्या कार्डावर एकच ओळ: ‘सकाळी रस्ता वाचला तर दुपारी गेला कसा?’ नीट सांगते.

कलम अकरा म्हणजे जळक्या टेकडीचा रस्ता. गावाने तो सोडून द्यावा, त्यावरचं बर्फ काढू नये, खडी टाकू नये, असा प्रस्ताव होता. वर घर एकच, पेल्केकाकूंचं. रस्ता सोडला की त्यांच्याकडे घर तापवायच्या तेलाची गाडी जाणार नाही, आणि रुग्णवाहिका खालच्या वळणावरून परत फिरेल. काकू आता एकाहत्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांच्या डाव्या खुब्यात लोखंड आहे. हे सगळं सकाळी सभेत बोललं गेलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग अठ्ठावन्न जणांनी तरीही रस्ता सोडण्याच्या बाजूने मतदानाचं कार्ड वर केलं.

सभेची सुरुवात नेहमीसारखीच झाली. बाबांनी टेबलावर हातोडी आपटली आणि अध्यक्ष म्हणून एकोणीस वर्षं जे भाषण करतात तेच केलं. ‘जगात कुठे निर्भेळ लोकशाही उरली असेल, तर ती या हॉलमध्ये, या खुर्च्यांवर.’ खुर्च्या अग्निशमन दलाच्या आहेत, घडीच्या, आणि तिसऱ्या रांगेतली एक बसलं की मिटते. त्या निर्भेळ लोकशाहीत या वर्षी मोल्टन बाई पडल्या. सगळे हसले. बाबाही हसले. आपण सगळे शेजारी आहोत, असं म्हणाले.

तुला आपली कार्डं आठवतात? ओटच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याची, चौसष्ट. आई कणीक मळायची आणि बाबा एकेक कार्ड वर धरायचे. ‘टॅबिथा, नकाराधिकार. लोइस, सत्ताविभाजन.’ शाळेतल्या पोरांना हे येत नाही, तुम्हाला येतं, हे ते किती अभिमानाने सांगायचे! चुकलं की दुधाच्या बादल्या घासायच्या. मी फार कमी बादल्या घासल्या. तू पुष्कळ घासल्यास, कारण तू उत्तराच्या जागी प्रश्न विचारायचीस.

‘गणसंख्या’ या कार्डावर लिहिलेलं होतं: कामकाज वैध ठरण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती. आपल्या गावाला तशी काही अटच नाही, हे मात्र बाबांनी कधी सांगितलं नाही. दुपारी चर्चच्या बायकांनी भाजलेला शेवटचा ॲपल पाय संपेपर्यंत जेवढी माणसं बसून राहतात, तेवढं गाव.

आणि त्या दिवशी कोण बसून राहणार, हे सकाळीच ठरलेलं होतं. रात्रभर कडक गारठा आणि सकाळी नऊला ऊन. मेपलच्या झाडांतून रस उतरायचा दिवस. ज्यांच्याकडे झाडं आहेत ते साडेअकरालाच खिडकीबाहेर बघायला लागले. टेकडीच्या बाजूचे सगळे शेतकरी तो रस आटवून सिरप करणारे, आणि पेल्केकाकूंच्या बाजूची मतं नेमकी त्यांचीच. रस्ता वाचला म्हणून टाळ्या वाजवल्या आणि गमबूट चढवून निघून गेले. बादल्या भरून वाहत असताना कोण बसतं? बाबांनी जेवणाची सुट्टी दीड तासाची दिली. एरवी पाऊण तास असते.

दुपारी पुनर्विचाराचा प्रस्ताव आला. एव्हरेटमामाने मांडला. नियमाबद्दल थोडी कुरबूर झाली, टेबलावरून कोणीतरी खुलासा केला, आणि मग पुन्हा मतदान झालं. सत्तेचाळीस विरुद्ध एकतीस. रस्ता गेला.

पेल्केकाकू तेव्हा नव्हत्या. त्या जेवणाआधीच घरी गेल्या होत्या.

आई बरी आहे. तुझं नाव घेत नाही, पण तुझा निळा कप अजून पुढच्याच रांगेत ठेवते.

तुझी,
टॅबी

ईस्ट हॅरो
बुधवार, ३१ मार्च

प्रिय ताई,

तुझं दुसरं कार्ड सोमवारी आलं. ‘ओडेट पेल्के स्वतःच्या ठरावाच्या दिवशी जेवण सोडून घरी जाणारी बाई नाही. खरं सांग.’

काकूंनी मला विचारलं होतं.

मतदान झाल्यावर त्या माझ्या टेबलापाशी आल्या. मिसेस गुडेलचं मनगट मोडल्यामुळे या वर्षी गावाच्या नोंदी ठेवणाऱ्या क्लार्कच्या खुर्चीत मी होते, हे तुला लिहिलंच आहे. काकूंनी काठी टेबलाला टेकवली. बिस्किट, म्हणजे त्यांचा कुत्रा, बाहेर गाडीत भुंकत होता.

“काय गं टॅबी, झालं ना? आता परत काही काढत नाहीत ना हे लोक?”

“झालं, काकू.”

“नाही, तुला माहीत असतं म्हणून विचारते. तुझा बाप मला इतक्या वर्षांत कळला नाही, त्याचे नियम काय कळणार! खुबा ठणकतोय. थांबायचं असेल तर थांबते.”

“झालं,” मी म्हणाले. “जा तुम्ही.”

त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि गेल्या. जाताना बीन्सच्या भांड्यावरचं झाकण उचलून वास घेतला आणि म्हणाल्या, “या वर्षीही मोहरी जास्त.”

आता हे बघ, मी खोटं बोलले नाही. मत झालं होतं. कलम पडलं होतं. प्रश्नाचं उत्तर म्हणून ‘झालं’ हे बरोबर होतं. मी तीन आठवडे स्वतःला हेच सांगते आहे, आणि हे सांगताना माझा आवाज मला बाबांसारखा ऐकू येतो.

कारण मला सगळं माहीत होतं. ‘पुनर्विचार’ हे एकेचाळिसावं कार्ड. पुढच्या बाजूला शब्द, मागे बाबांच्या अक्षरात: जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्यालाच तो मागता येतो. त्याखाली बारीक अक्षरात: जिंकलेल्यांनी ‘या विषयाचा आज पुनर्विचार नको’ असा ठराव लगेच करून घेतल्यास दार बंद. आपल्या गावातलं प्रत्येक जुनं माणूस हे जाणतं. आल्वा स्ट्राउड प्रत्येक मतदानानंतर उठून तेवढं एक वाक्य बोलायचा. ग्रंथालयाच्या पडद्यांवर मत झालं तरी बोलायचा. लोक हसायचे. बाबा दर वेळी म्हणायचे, “शेजाऱ्यांवर विश्वास नाही वाटतं, आल्वा?” आणि तो म्हणायचा, “तुमच्यावर आहे की, अध्यक्षमहोदय. म्हणून तर लिहून घ्या म्हणतो.”

आल्वा ऑक्टोबरमध्ये वारला. या वर्षी कोणी उठलं नाही. शेजाऱ्यांसमोर अविश्वास दाखवायला यांना लाज वाटते. शेजाऱ्याचा रस्ता काढून घेताना वाटत नाही. टाळ्या वाजवायला पुरेसं धैर्य होतं, एक वाक्य बोलायला नव्हतं. मग गेले आपापल्या बादल्यांकडे, आणि आता दुकानात भेटले की मला सांगतात, “फार वाईट झालं गं ते, आम्ही असतो तर!” त्यांच्या अंगाला अजून सिरपचा वास येत असतो. मला ती माणसं बघवत नाहीत.

पण मतदार मीही आहे. क्लार्कच्या खुर्चीत बसलं म्हणून मतदाराचा हक्क जात नाही. ते वाक्य मला बोलता आलं असतं. मी पेन्सिलीला टोक करत होते.

बाबांना विचारलंस तर ते सांगतील की सगळं नियमाने झालं. काल जेवताना त्यांनी तेच सांगितलं, मी विचारलं नसताना. “एका घरासाठी गावाने दीड मैल रस्ता सांभाळायचा? भावना वेगळी, कारभार वेगळा.” एव्हरेटमामा शेजारी बसला होता. बर्फाची गाडी तोच चालवतो. तो म्हणाला, “वर वळायला जागा नाही, भावजी. म्हातारीसाठी दर वेळी दीड मैल मागे मागे गाडी घेत यायचं म्हणजे माझी मान मोडते.” त्याची मान मला चांगली जाड दिसली. तिसऱ्यांदा बटाटे घेताना ती दोन्हीकडे नीट वळत होती.

मामाचं कारण मानेचं आहे. बाबांचं कारण तू आहेस. हे तुला कळलंच असेल, पण कोणीतरी लिहायला हवं.

टॅबी

ईस्ट हॅरो
बुधवार, ७ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड यायची वाट न बघता लिहिते, कारण त्यावर काय असेल ते मला ठाऊक आहे. ‘टेबलावरून कोणी खुलासा केला?’

टेबलाशी दोनच माणसं होती. बाबा आणि मी.

घडलं ते असं. जेवणानंतर बाबांनी हातोडी आपटली. हॉल बराच रिकामा झाला होता. मामा उठला. डोक्यावर ती नारिंगी टोपी, हातात अजून काटा.

“अध्यक्षमहोदय, कलम अकराचा पुनर्विचार व्हावा.”

बर्निस स्ट्राउड, आल्वाची बायको, मागच्या रांगेतून ओरडली, “व्हावा म्हणे! तू सकाळी बंद करायच्या बाजूने होतास, एव्हरेट. हरलेल्याला हे मागता येत नाही!”

“मी विरोधातच मत दिलं,” मामा म्हणाला. “नंतर मन बदललं.”

“खोटारड्या! टोपीच्या वर गेलं होतं तुझं कार्ड! मी मागेच बसले होते, मला स्टेज दिसेना!”

लोक हसले. त्यांना मजा वाटत होती. मामाही हसला. बर्निस हसली नाही. ती म्हणाली, “अध्यक्षमहोदय, माझा नवरा असता तर हे झालं नसतं, आणि तुम्हाला ते माहीत आहे.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला. मग माझ्याकडे वळले. घरात मी टॅबिथा असते. तिथे ते म्हणाले, “मॅडम क्लार्क. ती रांग तुम्ही मोजलीत. मिस्टर एव्हरेट डनबार यांनी सकाळी कोणत्या बाजूने मत दिलं?”

ताई, त्यांनी हा प्रश्न अगदी कार्ड वर धरल्यासारखा विचारला. भुवया तशाच वर. आणि मला एवढंच वाटलं, उत्तर चुकता कामा नये.

ती रांग मीच मोजली होती. भिंतीकडून सातवा मामा. कार्ड वर, बंद करायच्या बाजूने. मी त्याला अठ्ठावन्नांत धरलं होतं.

मी म्हणाले, “विरोधात.”

बर्निसने माझ्याकडे बघितलं आणि खाली बसली. ती आठ वर्षं आपल्याला रविवारी बायबल शिकवायची. मी खोटं बोलेन हे तिच्या मनातही आलं नाही. मामावर तिचा विश्वास नव्हता, बाबांवर नव्हता, माझ्यावर होता. बाबांनीही तो तेवढ्यासाठीच वापरला. सगळ्या गावात एक माणूस असं होतं की त्याच्या शब्दावर कोणी दुसऱ्यांदा हरकत घेणार नाही. ते त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं खपून तयार केलं होतं.

त्या दिवशी घरी गेल्यावर बाबांनी ॲपल पायचा शेवटचा तुकडा माझ्या ताटात वाढला. मी तो खाल्ला. सगळा.

एकवीस मार्चच्या पत्रात मी तुझ्यासमोर एका मताच्या चुकीवर चार ओळी लिहिल्या आणि या चुकीला ‘कोणीतरी’ म्हटलं. बाबांना मी तुच्छ मानते. त्या हॉलमधल्या माणसांनाही मानते. पण ते पत्र परत मिळालं तर मी आधी त्याच्या लेखिकेच्या तोंडावर थुंकेन.

आता कालचं सांगते.

शनिवारपासून इथे बर्फ पडत होतं. एप्रिलचं ओलं, जड बर्फ. मामाने जळक्या टेकडीकडे गाडी वळवलीच नाही. रस्ता कागदोपत्री अजून गावाचाच आहे. मी इतिवृत्ताची प्रमाणित प्रत दिल्याशिवाय आणि गावाचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी त्यावर सह्या करून ती जिल्ह्याला पाठवल्याशिवाय तो सुटत नाही. पण मामाला एवढा धीर कुठला! सोमवारी तेलाची गाडी वळणावरून परत गेली.

काल दहा वाजता ऑफिसचं दार उघडलं आणि पेल्केकाकू आत आल्या. चालत. दीड मैल, काठी घेऊन, गुडघ्याइतक्या बर्फातून. बिस्किट दोरीला बांधलेला, पोटापर्यंत भिजलेला. मी उठून खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

“कुत्र्याचा परवाना,” म्हणाल्या. “एप्रिलअखेर मुदत आहे ना? नंतर जमेल न जमेल.”

“काकू, मी येऊन दिला असता.”

“कुठल्या रस्त्याने?”

मी फॉर्म काढला. कुत्र्याचं नाव, रंग, लसीचा दाखला. ‘बिस्किट’ मला दोनदा लिहावं लागलं. काकू ते बघत होत्या.

“बर्निसने मला सांगितलं, तू काय म्हणालीस ते.”

मी लसीची तारीख उतरवून घेतली.

“तिला अजून वाटतं तुझी मोजण्यात चूक झाली. बिचारी. मी म्हटलं, बाई गं, ती पोर नऊ वर्षांची असताना माझ्या कोंबड्या मोजायची आणि एक कमी भरली की रडायची. तिची चूक होत नसते.”

“काकू—”

“तुझ्या बापाचा राग मला कळतो, टॅबी. तुझ्या बहिणीला बसवर मी सोडलं. त्याची मुलगी माझ्या गाडीत बसून गेली. तो सहा वर्षं जागा शोधत होता मला चावायला, सापडली. ठीक आहे. तो सरळ हिशेब आहे. तुझं काय मी बिघडवलं होतं?”

बाहेर छपरावरून बर्फाचा लोंढा घसरून पडला. बिस्किट भुंकला.

“काही नाही,” मी म्हणाले.

“मग तर फारच वाईट.” त्यांनी परवान्याचा बिल्ला उचलला, उजेडात धरून नंबर वाचला आणि कुत्र्याच्या पट्ट्यात अडकवला. “घरात आठ दिवसांचं तेल आहे. थंडी ओसरली तर बारा. हे मी तुला रडगाणं म्हणून सांगत नाही. तुला आकडे आवडतात म्हणून सांगते.”

मी त्यांना गाडीने वळणापर्यंत सोडलं. तिथून पुढे गाडी जाईना. त्या उतरल्या, मागे न बघता चालायला लागल्या. मी त्यांच्या पावलांच्या खड्ड्यांतून त्यांच्या मागे गेले, घर दिसेपर्यंत. त्यांनी मला परत जा म्हटलं नाही आणि आत ये असंही म्हटलं नाही.

टॅबी

ईस्ट हॅरो
शनिवार, १० एप्रिल

ताई,

तुझं कार्ड काल आलं. मला वाटलं होतं तो प्रश्न असेल. पण त्यावर लिहिलं आहेस: ‘इतिवृत्त कुठे आहे?’

माझ्या खिशात आहे. कोटाच्या आतल्या खिशात, चार घड्या घालून, सही न केलेलं. गेले महिनाभर. मिसेस गुडेलला सांगितलं टाइप करते आहे. पंचांना सांगितलं आकडे पुन्हा तपासते आहे. माझी ख्याती अशी की सगळ्यांना ते पटलं. मनात योजना अशी होती की सही करायचीच नाही. बोलायचं काही नाही, नुसतं ठेवून द्यायचं. दिवस जातील, बर्फ वितळेल, लोक विसरतील, कलम आपोआप मरेल, आणि कोणाला कळणारही नाही की कोणी मारलं.

मला ही योजना फार सभ्य वाटत होती. काल तुझं कार्ड वाचून खिशात हात घातला आणि मला तुझा फॉर्म आठवला.

नर्सिंगच्या शाळेचा. घरी शिकलेल्या मुलांच्या गुणपत्रकावर पालकाची सही लागायची, तो. तू तो बाबांना फेब्रुवारीत दिलास. ते नाही म्हणाले नाहीत. हो म्हणाले नाहीत. तपकिरी कोटाच्या खिशात ठेवला आणि रोज तो कोट घालून गोठ्यात गेले. तू विचारलंस की म्हणायचे, “वाचतो आहे.” एक एप्रिलला मुदत संपली. दोन एप्रिलला त्यांनी तो तुझ्या ताटाशेजारी ठेवला, सहीविना, आणि म्हणाले, “आता काही उपयोग नाही याचा.” तू उठून भिंतीवरच्या पिशवीतून कार्डं काढलीस, एक शोधलंस आणि त्यांच्यासमोर टाकलंस. ‘खिशातला नकार’. राष्ट्राध्यक्ष कायद्यावर सहीही करत नाही आणि तो परतही पाठवत नाही, नुसता ठेवून देतो. मुदत उलटते, कायदा मरतो. तू म्हणालीस, “बरोबर ना, बाबा? बादल्या घासायला नकोत ना?” दोन तासांनी तू पेल्केकाकूंच्या गाडीत होतीस.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मला वाटलं होतं, एवढा हलकट माणूस मी पाहिला नाही. राग आला तर ओरडावं, दार आपटावं. पण सज्जनपणे, हळू आवाजात, खिशात ठेवून दुसऱ्याचं आयुष्य वाळू द्यायचं?

आणि मी महिनाभर तेच करते आहे. वर त्याला चांगुलपणा म्हणते आहे.

त्या कार्डाच्या शेजारचं कार्डही मला पाठ आहे. नुसतं ‘नकाराधिकार’. त्यात नाही म्हणणाऱ्याने कायदा परत पाठवायचा असतो, आक्षेप लिहून, आपल्या नावाने, जिथून तो आला त्याच सभागृहाकडे. आक्षेप मोठ्याने वाचला जातो आणि नोंदवला जातो. लहानपणी मला ते कार्ड कंटाळवाणं वाटायचं. फारच सरळ होतं.

आज सकाळी बाबांनी विचारलं. आई पाव कापत होती.

“इतिवृत्त झालं का?”

“झालं.”

“सोमवारी पंचांची बैठक आहे. सही करून आण.”

“मामाने सकाळी बंद करण्याच्या बाजूने मत दिलं होतं, बाबा.”

आईची सुरी थांबली. बाबांनी लोणी लावलं, कोपऱ्यापर्यंत, नीट.

“सभेत तू वेगळं सांगितलंस.”

“हो.”

“मग तेच खरं. नोंद झालेली आहे. आता तू उलट बोललीस तर तू खोटी ठरतेस, एव्हरेट नाही. खोटी साक्ष देणाऱ्या क्लार्कला हे गाव पुन्हा कुत्र्याचे परवानेसुद्धा लिहू देणार नाही. विचार केलास?”

“केला.”

“या घरात राहून—”

“तोही केला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भुवया वर. मी चुकीचं उत्तर दिल्यावर बघायचे तसं. मग त्यांनी आईला सांगितलं, “कॉफी कडू झाली आहे.” एकोणीस वर्षं निर्भेळ लोकशाही सांभाळलेला माणूस, आणि पेचात पडल्यावर त्याला सुचलं काय, तर कॉफी. मला त्यांची भीती वाटायची ती नेमकी त्या क्षणी गेली. राग नाही, दुःख नाही. शिळ्या दुधाचा वास आला की आपण भांडं जरा दूर सरकवतो ना, तेवढंच वाटलं.

आईने मला पाव दिला, आणि बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पोटभर खा. सोमवारी लागेल.” ताई, आई असं बोलली! तिलाही धरून आपण तिघीजणी त्या टेबलाशी शिकत होतो, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मी नवं इतिवृत्त लिहिलं आहे. त्यात मामाचं मत आहे, भिंतीकडून सातवी खुर्ची आहे, बर्निसची हरकत शब्दशः आहे. अध्यक्षांनी क्लार्कला विचारलेला प्रश्न आहे. त्यापुढे लिहिलं आहे: ‘क्लार्क टॅबिथा व्हिटकम यांनी जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं.’ हे वाक्य मी अकरा वेळा लिहिलं, कारण आधीच्या दहा वेळा त्यात ‘अनवधानाने’ किंवा ‘दबावाखाली’ असं काहीतरी शिरत होतं. खाली सही केली आहे. जुना कागद त्याला टाचला आहे, सहीविना, लोकांना दोन्ही दिसावेत म्हणून.

टेबलाकडच्या खुर्चीत मी बसणार नाही. बर्निसच्या शेजारी बसेन, आणि लोकांना बोलायची वेळ येते तेव्हा उठून उभी राहीन आणि सगळं वाचेन. बर्निसला आज दुपारी जाऊन सांगितलं. तिने मला आत घेतलं नाही. दाराच्या जाळीतूनच म्हणाली, “मग मोठ्याने वाच. माझा एक कान गेलाय.” पंच काय करतील ठाऊक नाही. पुन्हा सभा बोलावतील, किंवा मला हाकलून रस्ता तसाच सोडून देतील. यांच्याकडून मी फारशी आशा धरत नाही. पण मग जे होईल ते उघड्यावर होईल, त्यांच्या सह्यांनी, त्यांच्या तोंडावर सांगितल्यावर.

पेल्केकाकूंकडे आता चार दिवसांचं तेल आहे. उद्या चर्चनंतर मी दोन डबे घेऊन वर चढणार आहे. त्या आत घेतील न घेतील.

तू लिहिशील, इकडे निघून ये. येणार नाही. बस पकडणं तुझं बरोबर होतं, तुझा फॉर्म दुसऱ्याच्या खिशात होता. माझा माझ्याच खिशात आहे.

हे पत्र तुला मिळेल तोवर होऊन गेलेलं असेल. म्हणून तारीख लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला ती बदलता येणार नाही: सोमवार, बारा एप्रिल, सकाळी नऊ वाजता.

टॅबिथा